जुना ट्रॅक्टर बागेत अर्ध्या तासाने बंद पडतो: सारखी एअर काढण्याआधी हे तपासा

लक्षण असं असतं. सकाळी ट्रॅक्टर अर्ध्या सेल्फला चालू होतो. आवाज एकसारखा, धूर साफ. बागेत नेऊन रोटाव्हेटर किंवा ब्लोअर जोडला, काही ओळी झाल्या, की इंजिन दम सोडायला लागतं. रेस वाढवली तरी फेरे चढत नाहीत. दोन-चार आचके देतं आणि बंद पडतं. मग आपण फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा, हँडपंप मारायचा, फसफस करत फेस निघतो (यालाच एअर, म्हणजे डिझेलच्या लाइनमधली हवा, काढणं म्हणतात), ट्रॅक्टर चालू होतो. अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा तेच.

द्राक्षबागेत हे दुखणं फार महाग पडतं. ऑक्टोबर छाटणीनंतर पावसाळी हवा झाली की डाऊनीची (केवडा रोगाची) फवारणी ज्या दिवशी व्हायला हवी त्याच दिवशी व्हावी लागते. ब्लोअरच्या टाकीत औषध कालवलेलं आहे, पीटीओचे (ब्लोअर फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टचे) फेरे मिनिटाला ५४० वरून खाली घसरताहेत, फवारा वेलीच्या आतपर्यंत पोहोचत नाही, आणि आपण पाना घेऊन बॉनेटखाली. औषध टाकीत खाली बसतं ते वेगळंच. त्यामुळे ही गोष्ट हंगामात भागवून नेण्यासारखी नाही, हंगामाआधी मुळापासून काढण्यासारखी आहे.

माझा ट्रॅक्टर कोणत्या कंपनीचा हे लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नाही, वयाचा आहे. पंचवीस हॉर्सपॉवरच्या आसपासच्या कुठल्याही जुन्या डिझेल ट्रॅक्टरला हे लागू पडतं. आयशरने १९५९ साली फरिदाबादला देशात बनलेला पहिला ट्रॅक्टर बाहेर काढला, १९७१ पासून हरियाणातल्या पिंजोरच्या सरकारी एचएमटीने झेकोस्लोव्हाकियाच्या झेटरवरून दोन सिलिंडरचा २५११ बनवला, १९७४ मध्ये पंजाबातून स्वराज ७२४ आला. त्या पिढीच्या यंत्रांची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की टाकीपासून नोझलपर्यंत (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या टोकापर्यंत) डिझेलचा सगळा रस्ता डोळ्यांना दिसतो. सेन्सर नाही, संगणक नाही. शोधायला बसलं तर दोष सापडतोच. फक्त शोध योग्य टोकापासून सुरू व्हायला हवा, आणि ते टोक म्हणजे डिझेलची टाकी. गावोगाव मात्र सुरुवात उलट्या टोकाने होते. "भाऊ, पंप खाली घ्यावा लागंल," हे वाक्य पहिल्याच भेटीत ऐकू येतं, पंप-नोझलचं हजारोंचं काम होतं आणि ट्रॅक्टर परत अर्ध्या तासाने थांबतो.

हवा शिरते कशी, हे आधी समजून घ्या

बहुतेक जुन्या लहान ट्रॅक्टरांत टाकी बॉनेटखाली, इंजिनाच्या वरच्या अंगाला असते. डिझेल आपल्या वजनाने खाली उतरतं, फीड पंप ते पुढे फिल्टरकडे ढकलतो, तिथून ते मोठ्या पंपात (इंजेक्शन पंपात) आणि नोझलला जातं.

आता विचार करा. टाकी वर, पाइप खाली, पाइपात डिझेलचा दाब. अशा पाइपाचा एखादा जॉइंट ढिला असेल तर तिथून डिझेल बाहेर ठिबकेल, हवा आत कशी जाईल? हवा आत जायला पाइपात ओढ निर्माण व्हावी लागते. आणि ओढ तेव्हाच निर्माण होते जेव्हा फीड पंप डिझेल मागतोय, पण मागून पुरेसं येत नाही. म्हणजेच त्या जॉइंटच्या मागे, टाकीच्या बाजूला, कुठेतरी चोक (अडथळा) आहे.

या एका गोष्टीने शोधाची सगळी दिशा बदलते. आपण फेस पाहतो आणि हवा हाच रोग समजतो. खरा रोग अनेकदा चोक असतो. तो नसता तर तोच ढिला जॉइंट नुसता ओला राहिला असता. म्हणून वायसर (जॉइंटमधली चकती) बदलून, नट कसून थोडे दिवस बरं वाटतं, मग ओढ पुढचा कमकुवत जॉइंट शोधते. चोक काढा, जॉइंटही नीट करा, दोन्ही करा. पण क्रम हाच ठेवा.

यातूनच एक खूण मिळते. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरखाली डिझेलचा डाग पडतो, पण चालू असताना तोच जॉइंट कोरडा ठणठणीत दिसतो, तर समजा की चालू असताना तो हवा पितोय. गळत नाही म्हणजे जॉइंट चांगला, हा समज सोडून द्या. फीड पंपाच्या पुढचा जॉइंट खराब असेल तर तो चालू इंजिनावर भिजतो. मागचा खराब असेल तर काहीच दिसत नाही.

पाना हातात घेण्याआधी बंद पडण्याची तऱ्हा बघा

पुढच्या वेळी ट्रॅक्टर बंद पडेल तेव्हा लगेच एअर काढू नका. काही गोष्टी नीट पाहून ठेवा.

आचके देत, धूर कमी होत, हळूहळू बंद पडला तर डिझेलची उपासमार आहे. एकदम खटकन थांबला तर डिझेलचा विषय सोडा, आधी ऑइल आणि गरमी बघा. काळा धूर सोडत रडतखडत चालतो पण बंद पडत नाही, तर डिझेल येतंय, हवा कमी पडतेय. तेव्हा एअर क्लीनर उघडा. बागेत भुरी रोगासाठी गंधकाची धुरळणी करतो, उन्हाळ्यात रोटाव्हेटरची धूळ असते, ती सगळी एअर क्लीनरच्या ऑइल बाथच्या (तेलाच्या वाटीच्या) तळाशी जाऊन बसते. वरचं तेल पातळ दिसतं, बोट घातलं की खाली घट्ट चिखल लागतो. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, तो वेगळा विषय.

दुसरं, काहीच न करता दहा मिनिटं थांबा आणि मग सेल्फ मारा. नुसतं थांबल्यावर चालू झाला तर पाइपात कचरा अडकतोय किंवा टाकीत ओढ तयार होतेय, कारण थांबल्यावर कचरा सुटून खाली बसतो आणि ओढही हळूहळू मोडते. एअर काढल्याशिवाय चालूच होत नसेल तर हवा पंपापर्यंत पोहोचली आहे.

तिसरी गोष्ट मला फार उपयोगाची वाटते आणि ती सहसा कोणी विचारत नाही: टाकीत डिझेल किती असताना बंद पडतो? टाकी गळ्यापर्यंत भरल्यावर लवकर बंद पडत असेल आणि अर्धी असताना जास्त वेळ टिकत असेल, तर झाकणाचं भोक बुजलं आहे. भरलेल्या टाकीत वर हवेची जागा थोडी, त्यामुळे थोडं डिझेल गेलं तरी आत ओढ जोरात बसते. उलट, भरलेली असताना दिवसभर चालतो आणि अर्ध्याखाली आली की नाटकं सुरू होतात, तर चोक अर्धवट आहे. भरल्या टाकीच्या वजनाने डिझेल रेटून येतं, पातळी उतरली की जोर कमी पडतो. फक्त चढावर किंवा वाफ्याच्या एका बाजूला कलल्यावर बंद पडत असेल तर टाकीतल्या गाळाची जागा बदलतेय, नाहीतर डिझेलच तळाला गेलंय.

झाकण

सगळ्यात आधी झाकण, कारण याला खर्च शून्य आहे. ट्रॅक्टर दम सोडायला लागला की पीटीओ सोडा, न्यूट्रल करा आणि इंजिन चालू असतानाच झाकण अर्धा आटा फिरवा. 'सुस्स' करून हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला आणि इंजिन सावरलं, तर रोग सापडला.

मूळ झाकणात हवेसाठी बारीक भोक असतं, काहींत आतून जाळी किंवा पत्र्याची चकती असते. धूळ आणि डिझेल मिळून तिथे घट्ट बुच बसतं. डिझेलमध्ये भिजत घाला, बारीक तारेने साफ करा आणि तोंडाने फुंकून हवा जाते का बघा. मूळ झाकण हरवून दुसऱ्याच गाडीचं बसवलं असेल तर त्याला मुळात भोक आहे का हे तपासा. बाजारात मिळणारी कुलपाची झाकणं कधीकधी पूर्ण हवाबंद असतात. भोक पाडायचंच असेल तर दीड-दोन मिलिमीटर पुरे, आणि ते थेट वरून न पाडता बाजूने किंवा आडोशाला पाडा. फवारणीचं आणि पावसाचं पाणी त्यातून टाकीत जायला नको.

टाकी आणि कॉक

झाकण ठीक निघालं तर कॉकखाली (टाकीच्या तळाच्या तोटीखाली) स्वच्छ डबा धरा, पुढचा पाइप सोडा आणि कॉक पूर्ण उघडा. धार जाड, सलग पडली पाहिजे, आणि ती पाच-सात मिनिटं तशीच राहिली पाहिजे. इथे घाई करू नका. पहिल्या अर्ध्या मिनिटात धार चांगली असते, मग बारीक होत करंगळीपेक्षा पातळ होते, हे मी शेजारच्या मळ्यातल्या ट्रॅक्टरवर पाहिलं आहे. अर्धा मिनिट पाहून "टाकी ओके" म्हणणारा माणूस तिथेच फसतो.

टाकीच्या तळाच्या तोंडाशी, कॉकच्या वरच्या टोकाला, पितळी जाळीची नळी असते. ती बाहेर काढा. जुन्या टाकीत तिच्यावर काळपट, बुळबुळीत थर बसलेला दिसतो. बोटांत चोळला तर पसरतो, वाळू लागत नाही. तो गंज नाही. डिझेलमध्ये पाणी असलं की दोघांच्या सीमेवर जिवाणू आणि बुरशी वाढतात, त्यांचा हा थर. पाणी येतं ड्रममधून, झाकणातून, आणि अर्धी टाकी रात्रभर थंडीत उभी राहिल्यावर आतल्या पत्र्यावर साचणाऱ्या दवातून. त्याच्यासोबत तांबूस भुकटी दिसली तर ती गंजाची.

टाकी खाली उतरवूनच धुवा. बसल्या जागी धुतलेल्या टाकीचा गाळ कोपऱ्यात राहतो आणि पहिल्या खडबडीत रस्त्यावर परत जाळीवर येतो. थोडं स्वच्छ डिझेल आणि बारीक साखळीचा तुकडा आत टाकून टाकी सगळ्या बाजूंनी हलवा, ओता, डिझेल स्वच्छ येईपर्यंत पुन्हा करा. साखळी मोजून टाका, मोजून काढा. पेट्रोल वापरू नका. टाकीला भोक असेल तर वेल्डिंगवाल्याकडे नेण्याआधी ती डिझेलच्या वाफांपासून पूर्ण मोकळी व्हायला हवी. नुसती रिकामी टाकी ही सुरक्षित टाकी नव्हे, आणि हे काम ज्याला सवय आहे त्याच्याकडूनच करून घ्या. शेतात अचानक भोक पडलं तर कपड्याचा साबण चोळून घरापर्यंत येता येतं, पण तेवढ्यापुरतंच.

काही जण जाळी सारखी चोकते म्हणून ती काढूनच टाकतात. असं करू नका. मग तो थर कॉकच्या भोकात, पाइपाच्या वाकणात किंवा फीड पंपाच्या वॉल्व्हखाली जाऊन बसतो, आणि तिथून काढणं दसपट त्रासाचं आहे.

सलाइन लावून बघा

जुने मिस्त्री एक परीक्षा करतात आणि माझ्या मते तिला तोड नाही. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनला खाली नळी बसवायची, कॅन बॉनेटच्या वर, मांडवाच्या तारेपासून दूर, पक्का बांधायचा आणि नळी टाकीऐवजी थेट फीड पंपाच्या तोंडाला जोडायची. दवाखान्यात पेशंटला लावतात तशी. म्हणूनच त्याला सलाइन म्हणतात. कॅनचं झाकण ढिलं ठेवा. रिटर्नचा (उरलेलं डिझेल परत नेणारा) पाइप टाकीला जात असेल तर तो तसाच राहू द्या, फक्त कॅन लवकर संपेल हे लक्षात असू द्या. गरम सायलेन्सरवर डिझेल ठिबकणार नाही अशी नळी न्या.

एअर काढून घ्या आणि ट्रॅक्टरला नेहमीचं काम द्या. जागेवर उभा करून चालवलेल्या ट्रॅक्टरची परीक्षा खोटी असते, कारण तेव्हा डिझेलची मागणीच कमी असते. रोटाव्हेटर लावून, नेहमी ज्या वेळाला बंद पडतो त्याच्या दुप्पट वेळ चालवा. मस्त चालला, तर इंजिन, पंप, नोझल, फिल्टर सगळे निर्दोष आहेत. दोष टाकी ते फीड पंप एवढ्या दोन-तीन फुटांत आहे. तरीही बंद पडला, तर दोष फीड पंप किंवा त्याच्या पुढे. एका परीक्षेत अर्धा ट्रॅक्टर बाजूला काढता येतो.

नळी पारदर्शक घ्या. बुडबुडे दिसतात. टाकी पुन्हा जोडल्यावरही फीड पंपाच्या आधी तीच पारदर्शक नळी एक दिवस ठेवली तर हवा फीड पंपाच्या मागून येतेय की नाही, याचा निकाल समोर दिसतो. ती नळी कायमची मात्र ठेवू नका. डिझेल आणि गरमीने ती कडक होऊन तडकते.

पाइप, वायसर, रबर

रबरी नळीचा दोष बाहेरून दिसत नाही. वरून ठणठणीत, आतून अस्तर सुटलेलं. ओढ बसली की ते आत कोसळून रस्ता बंद करतं, ओढ गेली की परत उघडतं. जुनी नळी उभी चिरून बघितली की पटतं. त्यामुळे वयाने जुनी सगळी रबरी नळी बदलून टाका, डिझेलसाठी बनलेलीच घ्या. पाण्याची किंवा गॅसची नळी डिझेलमध्ये फुगते.

देशभर १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (भारत स्टेज-६ मानकाचं) डिझेल आलं, त्यात गंधक दहा लाख भागांत १० भागांपेक्षा जास्त नसतं. बीएस-४ मध्ये ही मर्यादा ५० होती. गंधक काढताना डिझेलची घडण थोडी बदलते आणि जुन्या डिझेलमध्ये वर्षानुवर्षं फुगून बसलेले रबराचे सील आकसू शकतात. जुन्या सीलवरून पाझर सुरू झाला असेल तर सील नवीन घाला, डिझेलला दोष देऊन काही साधत नाही.

बॅन्जो बोल्टच्या (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या) दोन्ही बाजूंचे तांब्याचे वायसर वापरून कडक होतात. नवीन मिळाले तर नवीनच. नसतील तर जुना वायसर लाल होईपर्यंत तापवा, पाण्यात टाका, तांबं परत मऊ होतं. मग काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून दोन्ही बाजू सपाट घासा. बैठकीवर ओरखडा असेल तर वायसर कितीही बदलले तरी हवा जातच राहील, त्यामुळे बैठकही बघा. टेफ्लॉन टेप मात्र डिझेलच्या लाइनला लावू नका. तिचे बारीक धागे सुटतात आणि मोठ्या पंपात जातात. जॉइंटवर जोर लावून लावून आटे घालवणं हाही इलाज नव्हे. मऊ वायसर बेताच्या ताकदीत बसतो.

फीड पंप आणि फिल्टर

हँडपंपाची मूठ वापरून झाल्यावर खाली दाबून पूर्ण कसली जाते का, हे आधी बघा. ती ढिली राहिली किंवा आतला ओरिंग गेला तर तिथूनच हवा शिरते. म्हणजे एअर काढायचं साधनच एअर घालतं. मूठ कसून वरून थोडं ऑइल सोडा. इंजिन चालू असताना ऑइल आत ओढलं गेलं तर ओरिंग गेला.

काचेची वाटी असेल तर ती पुसा, खालची जाळी धुवा, वाटीचं पॅकिंग बदला. आत वॉल्व्ह असतात, त्यांच्या बैठकीवर कचऱ्याचा कण बसला तरी पंप डिझेल मागेपुढे हलवत राहतो, ढकलत नाही. पडद्याचा फीड पंप असेल तर इंजिन ऑइलची दांडी नक्की बघा. पातळी वाढलेली असेल, दांडीला डिझेलचा वास येत असेल, तर पडदा फाटून डिझेल इंजिन ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय. तो ट्रॅक्टर चालवू नका. पातळ ऑइलवर बेअरिंग जातात. पडदा बदला, ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला, मगच चालू करा.

फिल्टर बदलताना होणारी नेहमीची गडबड म्हणजे जुनं पॅकिंग वरच्या डोक्याला चिकटून राहतं आणि नवीन त्याच्यावर बसवलं जातं. दोन पॅकिंगमध्ये फट राहते. नखाने खाच चाचपून जुनं काढलंय याची खात्री करा. स्वस्तातला फिल्टर घेऊन पैसे वाचत नाहीत. त्याचा कागद ढिला असतो, पाणी लागलं की लगदा होतो. पुस्तकात फिल्टरचे तास दिलेले असतात, पण जुन्या ट्रॅक्टरचं तासमीटर बहुधा बंद असतं. तेव्हा हंगामाला बांधून घ्या: एप्रिलच्या खरड छाटणीआधी एकदा, ऑक्टोबर छाटणीआधी एकदा. डाळिंब किंवा पेरूवाल्यांनी आपापल्या बहरावर बांधावं.

सुट्या भागांचा प्रश्न खरा आहे. पिंजोरचा एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायला २०१६ साली केंद्राने मंजुरी दिली. तरी डिझेल लाइनचे वायसर, ओरिंग, नळ्या, फिल्टर हे मापावर मिळतात. जुना नमुना हातात घेऊनच दुकानात जा.

एअर नीट कशी काढायची

कारण दूर केल्यावर एअर एकदाच, पण पूर्ण काढायची. टाकी भरा, कॉक उघडा. फिल्टरवर टाकीच्या बाजूचा स्क्रू आधी ढिला करा, हँडपंप मारत राहा. फेस जाऊन सलग डिझेल आलं की डिझेल वाहत असतानाच स्क्रू कसा, मूठ सोडून नंतर नव्हे. मग दुसऱ्या फिल्टरचा, मग मोठ्या पंपावरचा. तेवढ्यावर चालू झाला नाही तर नोझलकडचे नट एकेक करून अर्धा आटा ढिले करा आणि सेल्फ मारा. डिझेल ठसके देत आलं की कसा. सेल्फ दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सलग मारू नका, मध्ये थांबा, नाहीतर बॅटरी आणि सेल्फ दोन्ही जातील.

या वेळी हात आणि चेहरा नोझलच्या नटापासून लांब ठेवा. जुन्या नोझलला डिझेल साधारण दोनशे किलो प्रति चौरस सेंटीमीटरच्या घरात फुटतं. ती बारीक फवारणी कातडीतून आत जाते. वरून टाचणी टोचल्याएवढी जखम दिसते आणि आत हात सडतो. असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जा आणि "दाबाचं डिझेल आत गेलंय" असं स्पष्ट सांगा.

आणखी एक कळकळीचं सांगणं. बंद पडलेला जुना ट्रॅक्टर घाईत खाली उभं राहून, सेल्फच्या दोन टोकांना पाना टेकवून चालू करू नका. या ट्रॅक्टरांना न्यूट्रलचा सुरक्षा स्विच नसतो किंवा तो कधीच काढून टाकलेला असतो. गिअरमध्ये राहिलेला ट्रॅक्टर चालू झाला की मागचं चाक थेट अंगावर येतं, आणि द्राक्षाच्या ओळीत बाजूला पळायला जागा नसते. सीटवर बसून, न्यूट्रल पाहून, पीटीओ सोडवूनच सेल्फ मारा.

मग पंप कधी उतरवायचा

सलाइन लावूनही बंद पडतो, फीड पंपाची धार चांगली आहे, फिल्टर नवे आहेत, तेव्हा मोठ्या पंपाकडे वळा. त्याची स्वतःची एक ओळख आहे. झिजलेला पंप थंड असताना चांगला चालतो. इंजिन तापलं की डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटींतून निसटतं, नोझलपर्यंत दाब पोहोचत नाही. बंद पडल्यावर एअर काढूनही चालू होत नाही, पण तासभर थंड झाला की आपोआप होतो. फिरत्या (रोटरी) पंपाच्या ट्रॅक्टरांत हे जास्त दिसतं. काही जण तापलेल्या पंपावर गार पाणी ओततात आणि ट्रॅक्टर चालू होतोही, पण आतल्या भागांत केसापेक्षा कमी फट असते. बाहेरचं अंग एकदम आकसलं की पंप जागेवर जाम होऊ शकतो. ओलं फडकंही ठेवू नका, तसाच थंड होऊ द्या.

पंप टेस्ट बेंच (पंप तपासण्याचं यंत्र) असलेल्या ठिकाणीच न्या. उतरवण्याआधी पंपाच्या आणि इंजिनाच्या अंगावर एकाच रेषेत खूण करा म्हणजे टायमिंग परत त्याच जागी बसतं. सगळ्या उघड्या तोंडांना स्वच्छ चिंधी नको, प्लास्टिकच्या टोप्या लावा. चिंधीचे धागे आत जातात. मिस्त्रीला नुसतं "बंद पडतो" एवढंच सांगू नका. किती वेळाने, टाकी किती असताना, सलाइनवर काय झालं, थंड झाल्यावर काय झालं, हे सगळं कागदावर लिहून द्या. काम झाल्यावर बेंचवरचे आधीचे आणि नंतरचे आकडे मागून घ्या. आणि पंप परत बसवण्याआधी टाकी धुतलेली, नळ्या नव्या आणि फिल्टर नवे असल्याची खात्री करा, कारण जुन्या टाकीतला काळा थर नव्याने दुरुस्त केलेल्या पंपात पहिल्याच दिवशी उतरतो.